'काल्पनिक जमात' म्हणून हात झटकणाऱ्या वेब सिरीजवाल्यांना खुलं पत्र

लेखक, दिग्दर्शक, निर्माते आणि बाकी सगळी टीम,

जय मल्हार.

तुमच्या नव्या सिरीजचा टीझर आला त्या दिवशी आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरं काही चाललंच नाही. पोरं आधी खूश, अरे ही आपली घोंगडी, अरे हे वाघराचं जाळं बघ, अरे थांबा थांबा मागं जो आवाज येतोय तो तात्यांचा आहे. आणि मग शेवटी काळ्या पडद्यावर पांढरी पाटी, की यातली डोंगरातली भटकी मेंढपाळ जमात संपूर्ण काल्पनिक असून कुठल्याही समाजाशी साधर्म्य आढळल्यास निव्वळ योगायोग समजावा.

मागच्या थंडीत तुमची माणसं आमच्या वाड्यावर (वाडा म्हणजे मेंढरांमागं एकत्र फिरणारी बिऱ्हाडं) आली होती. रायगड जिल्ह्यात, भात काढलेल्या रानात आमचा तळ पडला होता तेव्हा. कॅमेरे होते, ड्रोन होता, ज्याच्या आवाजानं मेंढरं बुजली आणि माझा भाऊ अर्धा किलोमीटर पळाला ते वेगळंच. चहा झाला, भाकरी-कोरड्यास झालं, घोड्याबरोबर फोटो झाले, तात्यांना (माझे चुलत आजोबा) रात्री ओवी म्हणायला बसवलं. आम्हाला सांगितलं होतं डॉक्युमेंटरीसाठी रिसर्च चाललाय. तर योगायोग हा शब्द जरा जपून वापरा.

मी कोण ते सांगते. मी माण तालुक्यातली, हटकर धनगर. आईवडील, चुलते, चुलत्या अजून मेंढरांमागं फिरतात. मी लहानपणी वाड्याबरोबर फिरले, नंतर शाळेसाठी आत्याच्या घरी राहिले, आता पुण्यात नोकरी करते. सुट्टी मिळाली की वाडा कुठं आहे ते फोनवर विचारून तिथं जाते. म्हणजे टीझर बघून आणि सोबतची तुमची पोस्ट वाचून मला राग आला तो पुस्तकातल्या कुणा भटक्या जमातीसाठी नाही, ज्यांच्या अंगणात मी झोपते (अंगणच म्हणायचं, घर कुठंय) त्यांच्यासाठी.

कल्पनेवर माझी अजिबात हरकत नाही. काढा की नवी जमात. तिला नवे देव द्या, नवी भाषा द्या, दहा डोळ्यांची मेंढरं द्या, आम्ही पॉपकॉर्न घेऊन बघू. पण तुम्ही नवं काही काढलंच नाही. डोळ्याला दिसतं ते सगळं आमचं उचललं आणि ते तसं का आहे तेवढं टाकून दिलं, त्या जागी मनाला येईल ते भरलं, आणि वर काल्पनिकची पाटी लावली म्हणजे मग कुणाचं काही देणं लागत नाही, ना पैशाचं ना नावाचं. (जमातीचं तुम्ही ठेवलेलं नाव मी इथं घेत नाही, फुकटची जाहिरात कशाला.)

आता एकेक घेते.

टीझरसोबत जमातीची ओळख करून देणारी जी लांबलचक पोस्ट टाकलीत तिची सुरुवातच अशी आहे की हे लोक वारा नेईल तिकडं जातात. आमच्यात वाऱ्यावर कोणी जात नाही हो. माण, खटाव, फलटण, तिकडं पुरंदर, बारामती, नगरकडचं पारनेर, हा सगळा सह्याद्रीच्या आडोशाचा कमी पावसाचा पट्टा. पावसाळ्यात आमच्या माळांवर गवत असतं तोवर मेंढरं घरच्या बाजूला. दिवाळीच्या पुढं माळ वाळायला लागतो आणि रानात रब्बीची ज्वारी उभी, म्हणजे मेंढराला पाय ठेवायला जागा नाही. नेमकं त्याच टायमाला कोकणात भात कापून होतो, खाचरं मोकळी, पाणी पण असतं. म्हणून घाट उतरायचा. कोणी वरंध घाटानं, कोणी ताम्हिणीनं, कोणी बोरघाटानं, वरचे लोक माळशेजनं, ज्याची त्याची वाट बापजाद्यांपासून ठरलेली. आणि पाऊस पडायच्या आत परत वर यायचं, कारण कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आमची दख्खनी मेंढी कोरड्या रानाची, महिनाभर चिखलात उभी राहिली की खुरं कुजतात, अंगावरची लोकर वाळत नाही, कोकरं दगावतात. जायचं कधी, यायचं कधी, हा सगळा हिशोब आहे, आणि तो चुकला तर अख्खं खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, जातं. तुम्हाला यात गोष्ट दिसली नाही याचं मला खरंच नवल वाटतं.

दुसरी गोष्ट सगळ्यात गंभीर आहे, म्हणून नीट वाचा. टीझरमध्ये तुमचे मेंढपाळ रात्री गावाच्या उभ्या पिकात मेंढरं घुसवतात आणि गावकरी मशाली घेऊन मागं लागतात. सीन मस्त शूट केलाय, नाही म्हणत नाही. पण आमची मेंढरं रात्री शेतात असतात ती शेतकऱ्यानं बोलावलेलं असतं म्हणून. आमच्याकडं याला मेंढरं बसवणं म्हणतात. संध्याकाळी रानातून खांड आलं की ठरलेल्या तुकड्यात बसवायचं, कोकरांना वाघर लावायचं, म्हणजे खुंट्या ठोकून जाळीचं कुंपण, आणि रात्रभर त्या जमिनीत लेंडी आणि मूत मुरतं. दुसऱ्या रात्री शेजारचा तुकडा, मग त्याच्या पुढचा, असं करत करत सगळं शेत खतवून होतं. मेंढराच्या खुरानं ते मातीत तुडवलंही जातं. शेतकरी त्याबद्दल पूर्वी धान्य द्यायचे, भात, नाचणी, आता बहुतेक ठिकाणी रोख देतात. कोकणातली काही घरं अशी आहेत की माझ्या आज्यापासून आमचाच वाडा त्यांच्या शेतात बसतो. दिवाळी झाली की त्यांचा फोन येतो, कधी निघताय, यंदा आधी आमच्याकडं या.

अशा लोकांना तुम्ही चोर दाखवताय. त्यानं काय होतं ते तुम्ही ऑफिसात बसून नाही बघणार. वाट बदलावी लागली, हायवेचं काम निघालं, नवीन गावाच्या हद्दीत तळ टाकावा लागला, तिथल्या चार पोरांनी ही सिरीज बघितलेली असली की रात्री काठ्या घेऊन कोण येणार? आत्ताही येतात. मेंढरू चुकून एखाद्याच्या हरभऱ्यात गेलं तर भरपाई देतो आम्ही, भांडणं होतात, मिटतात पण. तुमच्या सीनमधली मशाल मिटणारी नाही, ती मोबाईलमध्ये कायम राहणार.

मग बायका. तुमच्या जमातीतल्या बायका तोंडावर कापड ओढून आगटीभोवती बसलेल्या, एकही बोलत नाही, एक फक्त रडते. माझ्या चुलतीला, आम्ही तिला नानी म्हणतो, मी हे दाखवलं तर ती म्हणली, "मंग ह्यांचं बिऱ्हाड कोण हलवतंय गं?" बरोबर प्रश्न आहे. पुरुष पहाटे मेंढरं घेऊन रानानं निघतात, तळ हलवतात त्या बायका. सकाळी पाल (तंबू) उतरवायचं, वाघराच्या जाळ्या गुंडाळायच्या, खुंट्या मोजून घ्यायच्या, घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूला वजन सारखं येईल असं सगळं चढवायचं, पीठ-मीठ, भांडी, हांडे, अंथरूण, वर डालग्यात कोंबड्या, आणि त्याच्याही वर कालपरवा जन्मलेलं कोकरू नाहीतर स्वतःचं पोर. आता त्यात एक सोलरची प्लेट पण असते मोबाईल चार्ज करायला, ती फुटू नये म्हणून गोधडीत गुंडाळतात. मग घोडे हाकत दहा-बारा किलोमीटर चालायचं आणि मेंढरं पोचायच्या आत पुढचा तळ उभा करून चूल पेटवायची.

संध्याकाळी खांड परत येतं तो अर्धा तास तुमच्या कॅमेरामननं नुसतं धूळ आणि सूर्यास्त म्हणून शूट केला. त्या अर्ध्या तासात काय चालतं माहितीय? दिवसभर तळावर ठेवलेली कोकरं आणि रानातून आलेल्या मेंढ्या एकमेकांना हाका मारत असतात, शेकड्यांनी, कानठळ्या बसतात, आणि नानी त्यात उभी राहून कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं ते ओळखून सोडत असते. एखादी मेंढी कोकरू घेत नसली की तिला पायात धरून पाजायला लावते. एखादीचं मेलेलं असलं तर दुसरीचं पोरकं तिच्याखाली सोडायची तिची वेगळी युक्ती आहे. मला इतक्या वर्षांत ते जमलेलं नाही. आणि तुमची बाई नुसती आगटीकडं बघत बसते.

देवांबद्दल. तुमची जमात लांडग्याला माणसाचा बळी देते आणि शत्रूच्या डोळ्यांत पिवळी विषारी पूड फेकते. ती पूड भंडारा आहे, हळद, तुम्हालाही माहितीय कारण तुमच्या माणसांच्या कपाळाला आमच्या म्हाताऱ्यांनीच लावला होता. आमच्यात बळी नसतोच असं मी खोटं नाही बोलणार, जत्रेत बकरं पडतं आणि मग सगळी भावकी पंगतीला बसून जेवते, लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण माणूस?

बरं गोष्टच हवी होती तर आमच्या देवांच्या गोष्टी काय कमी आहेत. खंडोबा बाणाईवर भुलला तेव्हा राजा म्हणून नाही गेला तिच्याकडं, तिच्या वाड्यावर गडी म्हणून राहिला, मेंढरं राखली. मेंढरं धुवायला नेली तिथं आपटून मारली आणि बाणाई लग्नाला तयार झाल्यावर जिवंत केली. मग जेजुरीत म्हाळसा आणि बाणाईची भांडणं, एक वाण्याची लेक आणि एक धनगराची, ती भांडणं आमच्या बायका अशी सांगतात की समोरचा पोट धरून हसतो. आज जेजुरीचा गड चढताना अर्ध्या वाटेवर बाणाईचं देऊळ लागतं. आरेवाडीचा बिरोबा आहे, वीरचा म्हस्कोबा आहे. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडे बाबा हेडाम, म्हणजे तलवारीचा नाच, खेळत येतात आणि भाकणूक सांगतात, पाऊस कसा, पीक कसं, भाव काय, राजकारण कुठं जाईल. लाखो लोक ऐकायला उभे असतात आणि हवेत भंडारा, खोबरं आणि लोकर उधळलेली असते. तुम्ही त्याचं काय केलंत, एक पिसाळलेला म्हातारा केलात जो तलवार फिरवत राजकन्येला शाप देतो. पीक-पाण्याचं बोलणारा माणूस तुम्हाला बोअर वाटला असेल.

घोंगडीवर मी थोडक्यात बोलणार होते पण तुमच्या पेजवर त्या घोंगडीसारख्या दिसणाऱ्या शालीची जाहिरात बघितली आणि राहवलं नाही. पॉलिस्टरची आहे, खाली लिहिलंय बारीक अक्षरात. इकडं परिस्थिती अशी की लोकरीला भाव नाही, कातरणीचा खर्च निघत नाही म्हणून कित्येक जण कातरलेली लोकर तशीच टाकून देतात. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, स्वेटरच्या कामाची नाही, तिचं खरं काम घोंगडीच. ती पिंजायची, सूत कातायचं, ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची म्हणजे धागा ताठ होतो, मग मागावर विणायची, हे सांगर आणि खुटेकर लोकांचं काम आणि ते करणारे हात आता फार थोडे राहिलेत. पावसात तिची खोळ करून डोक्यावरून घेतली की पाणी आत येत नाही, रात्री तीच अंथरायची. तुमचा हिरो ती खांद्याला लटकवून तलवारबाजी करतो. असो, हिरो आहे, करू दे. पण विकायचीच असेल तर खरी विका ना.

आणि तात्यांचा आवाज. ते त्या रात्री जे म्हणत होते ते सुंबरान आहे. सुंबरान मांडलं म्हणून सुरुवात होते, आधी देवांची नावं क्रमानं, मग कथा, थोडं गाणं थोडं सांगणं, दोन बाजूंनी साथ, रात्र सरून जाते. तुम्ही त्यातला एक लांब सूर कापला, मागं इलेक्ट्रॉनिक ढोल टाकला आणि मारामारीच्या सीनला लावला. शब्द एकही ठेवला नाही. ज्या जागी कापलंय तिथं ते बिरोबाचं नाव घेत होते. तात्यांना मी हेडफोनवर ऐकवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत मग म्हणले नाव तर पुरं होऊ द्यायचं होतं.

बाहेरच्या माणसानं आमच्यात येऊच नये असं कोणाचंच म्हणणं नाही. गुंथर सोन्थायमर नावाचे जर्मन अभ्यासक होते, १९९२ मध्ये गेले. ते इथल्या धनगरांत, जत्रांत, देवळांत वर्षानुवर्षं फिरले, मराठी शिकले, टेप लावून ओव्या ऐकल्या आणि त्यातला शब्द न् शब्द समजून घ्यायची धडपड केली. आमच्या जुन्या लोकांत आणि अभ्यास करणाऱ्या पोरांत त्यांचं नाव आजही आदरानं घेतात. ते हायडेलबर्गहून आले होते, तुम्ही मुंबईहून आलात, अंतराचा प्रॉब्लेम नव्हता.

आणखी एक, तुमचा व्हिलन लांडगा आहे. लांडगा मेंढरू नेतो, खरंय, त्यासाठी कुत्री आहेत, रात्रभर जागणारी माणसं आहेत. पण आमच्या लोकांना आज लांडग्यापेक्षा ट्रकची भीती वाटते. घाटात वळणावर एक गाडी खांडात घुसली की एका मिनिटात पंचवीस-तीस मेंढरं आडवी. चराईचं रान तारेच्या कुंपणात गेलं, कुठं झाडं लावली म्हणून बंद, कुठं प्लॉट पडले म्हणून बंद. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क लिहिलेला आहे, पण तो कागद घेऊन रानात उभं राहिलं तर गार्ड विचारतो तुमचं गाव कोणतं. पिकअप लावून रात्रीत मेंढरं चोरून नेतात ते वेगळंच. पोरांची शाळा दर हंगामाला तुटते. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे साल चराऊ रानांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलं, आमच्या वाड्यावर त्याची खबर मीच दिली, तर वडील म्हणले बरं झालं, मग यंदा रान मिळंल का. ड्रामा पाहिजे होता ना तुम्हाला? सगळा इथंच पडलाय.

आता मागण्या. सिरीज बंद करा असं मी म्हणत नाही, आणि आमच्यातली जी पोरं कमेंटमध्ये शिव्या घालतायत, ऑफिस फोडायची भाषा करतायत, त्यांनाही इथंच सांगते की ते थांबवा, आपलं म्हणणं त्यानं कमजोर होतं. पण पुढचं मात्र झालं पाहिजे.

ती योगायोगाची पाटी काढा. त्या जागी स्पष्ट लिहा की या जमातीचे पेहराव, वस्तू, गाणं आणि राहणी महाराष्ट्रातल्या धनगर मेंढपाळांकडून घेतली आहे, कथा काल्पनिक आहे. दोन्ही वाक्यं खरी आहेत, दोन्ही एका पाटीत बसतात.

उभ्या पिकात मेंढरं घालायचा सीन काढा किंवा बदला, रिलीजच्या आधी. यावर तडजोड नाही.

तात्यांचा आवाज टीझरमधून आणि सिरीजमधून उतरवा. वापरायचाच असेल तर त्यांच्यासमोर बसून, मराठीत, काय वापरणार कुठं वापरणार ते सांगून लेखी परवानगी घ्या, नाव द्या, आणि बाकीच्या गायकांना जो रेट देता तोच द्या. साथ करणारे दोघं होते, त्यांनाही. आणि नाव अर्धं तोडू नका.

पॉलिस्टरची शाल बंद करा. घोंगडी विकायची असेल तर विणणाऱ्यांकडून घ्या, भाव ते सांगतील तो.

आणि पुढच्या एपिसोडांची स्क्रिप्ट आमच्यातल्या दोन-चार जणांना वाचायला द्या, त्यात निम्म्या बायका पाहिजेत, आणि वाचायचे पैसे द्या. फुकट रिसर्च एकदा झाला, पुरे.

या पत्राचं उत्तर मला वैयक्तिक देऊ नका, जिथं टीझर टाकला त्याच पेजवर द्या. भेटायचं असेल तर दिवाळीच्या आत माणमध्ये या, सगळे घरी असतात, तात्या पण. दिवाळी झाली की वाडा फलटण, शिरवळ, भोर करत वरंध उतरणार, मग तुम्हाला मेंढरांमागं चालत बोलावं लागेल, आमची ना नाही, पण ड्रोन आणू नका.

माण तालुक्यातली एका मेंढपाळाची मुलगी